टेंभुर्णीच्या अपघाताबद्दल

बारामती

प्रिय सतीश,
स. न. वि. वि.

काल फोनवर काकू शेजारीच होत्या, त्यामुळे मोकळं बोलता आलं नाही. म्हणून उभ्या ट्रकवर मागून धडकून बाळू गेला, त्या अपघाताच्या भरपाईबद्दल सविस्तर लिहितोय.

आधी तातडीचं. ट्रकमालकाचा तो माणूस तीन लाखांवर मिटवू म्हणत परत आला, तर चहा पाज आणि वाटेला लाव. बाळूच्या बायकोची, सुनीताची सही कशावरही होता कामा नये, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तर अजिबातच नाही. आणखी कुणी सांगेल, की मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कुणाची हे न बघता पाच लाख मिळतात. खरं आहे. पण ते एकदा स्वीकारले की त्याच कायद्यातला कलम 166 चा मोठा दावा संपतो, हे सांगायला कुणी येत नाही.

मोठा म्हणजे किती, ते बघ. बाळूचं वय 38. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून महिना वीस हजार सुटत होते असं दाखवता आलं, तर वर्षाचे 2 लाख 40 हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के त्यात मिळवतात. सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाने 2017 साली हे पक्कं केलं. झाले 3 लाख 36 हजार. मागे सुनीता, दोन पोरं आणि काकू, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा. उरले 2 लाख 52 हजार. वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात; या वयाला हा गुणक 15. म्हणजे 37 लाख 80 हजार, शिवाय अंत्यविधी वगैरेच्या ठरलेल्या रकमा आणि व्याज. आता ते तीन लाख आठव.

खरी अडचण एफआयआरची. मागून धडकला म्हणून गुन्हा बाळूवरच नोंदवलाय. गेलेला माणूस जबाब देऊ शकत नाही, मग सगळं त्याच्यावर ढकलणं सोयीचं पडतं. अशी प्रकरणं माझ्याकडे येतच असतात. पण एफआयआर म्हणजे निकाल नव्हे. भरपाईचे दावे ऐकणारं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फौजदारी कोर्टासारखा निःसंशय पुरावा मागत नाही, कुठली बाजू जास्त संभवते एवढंच बघतं.

तू पाठवलेला पंचनामा मी दोनदा वाचला. ट्रकची डावी चाकं पांढऱ्या पट्टीच्या आत, डांबरावर, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे अख्खा ट्रक लेनमध्ये उभा होता! पार्किंग लाइट, रिफ्लेक्टर, मागे ठेवलेल्या फांद्या किंवा दगड, यांबद्दल मात्र एक अक्षर नाही. विमा कंपनी निदान निम्मी चूक बाळूच्या गळ्यात मारायला बघणार, आणि ते टिकलं तर रक्कमही निम्मी होईल. म्हणून त्या ढाबेवाल्याला भेट. त्याने मोबाइलवर फोटो काढलेत म्हणालास ना? ते मिळव आणि त्याच्या फोनमधले पुसू नकोस म्हणावं. टोलनाक्याचं फुटेज जपून ठेवावं म्हणून पोलिसांना लेखी अर्ज दे, पोच घे. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

ड्रायव्हरच्या लायसन्सची मुदत संपलीय म्हणून घाबरू नकोस. कंपनी हात वर करेल, पण अशा वेळी कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश होतात.

दाव्यासाठी सोलापूरला खेटे घालायला नकोत. सुनीता राहते तिथे, म्हणजे बारामतीतच, दाखल करता येतो. मुदत मात्र अपघातापासून सहा महिने; 2019 च्या दुरुस्तीने ती परत आणली, त्यामुळे वर्षश्राद्धानंतर बघू असं चालणार नाही. आणि वकील माझ्याऐवजी दुसरा केलास तरी चालेल, पण 'मिळतील त्यातले इतके टक्के' म्हणणारा नको. बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

बाळू बिलबुकं ठेवायचा का रे? निम्मी कामं उधारीवर, मला ठाऊक आहे. नसतील तर तो तांब्याची वायर जिथून घ्यायचा त्या दुकानाची बिलं काढ, त्यावरून उलाढाल दिसते. बँकेचं पासबुक, उद्यम नोंदणी, पोरांच्या शाळेची फी, सगळं चालेल.

एक बोलतो, रागावू नकोस. दावा सुनीताचा, पोरांचा आणि काकूंचा आहे, तुझा नाही. पैसे मंजूर झाले की पोरांच्या वाट्याची रक्कम बहुधा मुदत ठेवीत जाते, आणि तेच बरं. दुकानाचं कर्ज त्यातून फेडायचं असं तुझ्या मनात असेल, तर आधी तिच्याशी बोल.

शनिवारी दुपारनंतर ऑफिसला ये. येताना तिला घेऊन ये, आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्टची प्रतही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दिलीप