पन्नीपेक्षा मोजपट्टी कामाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न लागले की मराठवाड्यात लग्नसराई सुरू होते. मधूनमधून बारशी, वास्तू, डोहाळजेवणे असतातच. छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी असो, लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचे वजिराबाद, आहेराची वस्तू घेताना गिऱ्हाईक पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करते आणि पॅकिंगची वेळ आली की ‘लावा कोणताही चांगला’ म्हणून मोकळे होते. मग हमखास चमकणारी पन्नी लागते. ती कागदापेक्षा महाग आणि टिकायला सगळ्यांत वाईट. वेष्टणावरचा खर्च कमी करायचा तर सुरुवात तिच्यापासूनच करावी.

पन्नी म्हणजे प्लॅस्टिक, त्यामुळे ती घडी धरत नाही. दुमडली तरी पुन्हा उघडू पाहते आणि तो सगळा ताण चिकटपट्टीवर येतो. एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, त्यातही गाडीच्या डिकीत, टेपचा डिंक मऊ पडतो. मांडवात पोचेपर्यंत कडा सुटलेल्या असतात. मग टेपवर टेप चढते आणि खोके मलमपट्टी केल्यासारखे दिसते. साधा कागद नखाने दाबला की घडी धरून बसतो, टेपला फक्त कड धरून ठेवायची असते. दुकानात शंका आली तर कोपऱ्याचा तुकडा मुठीत चुरगाळून पाहावा. चुरगळलेला राहिला तर कागद, आपोआप उलगडला तर पन्नी. ही पन्नी रद्दीतही जात नाही.

कागद घेताना नक्षीच्या आधी जाडी पाहावी. ती जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनात सांगतात. वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ जीएसएमचा असतो. वेष्टणाला ७० ते ८० हवा. ६०च्या खाली गेला की खोक्याच्या कोपऱ्यावर फाटतो आणि आतल्या डब्यावरची छपाई दिसू लागते. १२०च्या वर गेला की टोकाच्या घड्या फुगतात. तावावर आकडा लिहिलेला नसेल तर दोन गोष्टी जागेवर करून पाहाव्यात. कोपरा दुमडून घडीवर नख फिरवावे. पांढरी रेघ उमटली किंवा रंगाचा भुगा निघाला तर तो कागद प्रत्येक कडेवर तसाच दिसणार. मग ओले बोट लाल-मरून भागावर घासावे. रंग बोटाला लागला तर घामेजल्या हातांतून तो साडीलाही लागेल. चार घड्या घालून ठेवलेला ताव घेऊ नये, गुंडाळी मागावी. घरी आणलेल्या साध्या कागदाची घडी मागच्या बाजूने कोमट इस्त्री फिरवून बरीच मोडते. पन्नीवर इस्त्री फिरवली तर ती आक्रसून इस्त्रीलाच चिकटते.

आता मुख्य मुद्दा मापाचा. खरी उधळपट्टी इथेच होते. नेहमीचा ताव साधारण ५० बाय ७० सें.मी.चा. साडीचे खोके घ्या, ३६ लांब, २६ रुंद, ५ उंच. रुंदी आणि उंचीची बेरीज ३१, दुप्पट ६२, त्यात दुमड आणि जोडासाठी ३ मिळवा, झाले ६५. दुसऱ्या दिशेला लांबी ३६ अधिक उंचीच्या दीडपट, म्हणजे साडेसात, धरा ४४. म्हणजे ६५ बाय ४४, एका तावात बसले. हेच खोके आडवे फिरवून लांबीच्या बाजूने गुंडाळायला घेतले तर ३६ आणि ५ची बेरीज ४१, दुप्पट ८२, अधिक ३, म्हणजे ८५. ताव पुरत नाही आणि दुसरा जोडावा लागतो. खोके तेच, कागद तोच, नुसते फिरवून ठेवले की एक ताव वाचतो. खोक्याची लांब बाजू तावाच्या आखूड बाजूला समांतर ठेवायची, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. आकडेमोड नको असेल तर आधी रद्दीचा पेपर खोक्याभोवती बसवून नमुना कापावा.

सध्या मोबाइलवर तिरप्या घडीचे, म्हणजे खोके कागदावर तिरके ठेवून गुंडाळायचे, व्हिडिओ फार फिरतात. चौकोनी, चपट्या डब्याला ती पद्धत छान, एका टेपच्या तुकड्यात काम होते. तिचे माप म्हणजे वरच्या बाजूचा कर्ण अधिक उंचीच्या दीडपट, तेवढ्या बाजूचा चौरस. वरच्या साडीच्या खोक्याचा कर्ण साडेचव्वेचाळीसच्या आसपास, म्हणजे चौरस ५२चा लागणार आणि ताव रुंदीला ५०चाच. दोन सेंटीमीटरसाठी ताव वाया. लांबट खोक्याला सरळ घडीच बरी.

गुंडाळताना खोके कागदावर पालथे ठेवावे, म्हणजे जोड तळाला जातो. एका कडेला एक सें.मी. आत दुमड द्यावी, कापलेली कड दिसत नाही. कागद ताणून जोड लावावा आणि शक्यतो दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप आतून वापरावी. दोन्ही टोकांना कागद खोक्याच्या उंचीच्या पाऊणपट बाहेर राहिला पाहिजे, पाच सें.मी. उंचीला पावणेचार. जास्त असेल तर कापून टाकावा. टोकाला गाठोडे होते ते या जास्तीच्या कागदामुळेच. आधी उजवी-डावी बाजू आत दाबावी, वर-खाली दोन त्रिकोणी पाकळ्या तयार होतात. वरची पाकळी खाली आणावी, खालची कड दुमडून वर न्यावी. प्रत्येक घडीवर नख फिरवावे. नख फिरवायचे राहिले की पॅकिंग ढिले दिसते, मग कागद पन्नास रुपयांचा असला तरी.

साडीच्या खोक्याच्या तावातून ४४ सें.मी. आधी कापून घेतले तर ६ सें.मी. रुंद आणि ७० लांब पट्टी उरते. ती फेकू नये. तशाच दुसऱ्या खोक्याला साधा खाकी कागद गुंडाळून मध्यावर ही पट्टी फिरवली की झाले. वेढा ६२चा आहे, पट्टी पुरून उरते. खाकी कागद मोंढ्याकडच्या ठोक कागदवाल्यांकडे किलोवर मिळतो. ८० जीएसएमचा ५० बाय ७०चा ताव २८ ग्रॅम भरतो, म्हणजे किलोत पस्तीस ताव. शाळेच्या वह्यांचे खाकी कव्हर मात्र बघून घ्यावे. त्यातले बरेचसे एका बाजूने प्लॅस्टिक चढवलेले असते आणि पुन्हा तोच घडी न धरण्याचा त्रास. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यामुळे आपल्या भागाला हातकागद ओळखीचा आहे. तो जाड असल्याने आख्खे खोके गुंडाळायला घेऊ नये. अशी पट्टी, नावाची चिठ्ठी, पैशाचे पाकीट यांवर तो खुलतो.

रिबिनीचा हिशेब सोपा. लांबी दोनदा, रुंदी दोनदा, उंची चारदा आणि फुलासाठी अर्धा मीटर. साडीच्या खोक्याला १९४ सें.मी., म्हणजे दहा मीटरच्या रोलमध्ये पाच खोकी. सॅटिनची टोके तिरकी कापून मेणबत्तीच्या ज्योतीजवळून नेली की धागे सुटत नाहीत. खाकी कागदावर पूजेची लाल-पिवळी नाडाछडी रिबिनीपेक्षा उठून दिसते, किंमतही किरकोळ. उन्हाळ्यात टेपने दगा दिला तर हीच बांधणी कागद धरून ठेवते.

मिक्सरसारख्या मोठ्या खोक्याला मात्र आख्खे झाकायच्या भानगडीत पडू नये. ४० बाय ३० बाय २५चे खोके पूर्ण गुंडाळायला जोड देत तीन-चार ताव जातात. त्याऐवजी एका तावाच्या २५ सें.मी. रुंदीच्या दोन लांब पट्ट्या कापून एकमेकींना जोडाव्यात. १३८ सें.मी.ची पट्टी होते आणि ती खोक्याच्या वरून-खालून फिरवली तर लांबीच्या किंवा रुंदीच्या दिशेने पुरते. दुसऱ्या तावाची पट्टी उलट्या दिशेने फिरवावी. दोन तावांत काम भागते. कोपऱ्यांतून कंपनीचे नाव दिसते खरे, पण आपल्याकडे त्याला कुणाची हरकत नसते, उलट ते दिसावे अशीच देणाऱ्याची इच्छा असते.

कळशी, समई, तांब्या यांना कागद लावणे म्हणजे कागदाची माती. त्यांना कापडच हवे. ओटीतून आलेले ब्लाउजपीस घरोघरी पडून असतात. कापडाची बाजू वस्तूच्या तिप्पट धरावी. ८० सें.मी.च्या चौकोनी कापडात २५ सें.मी.पर्यंतची वस्तू बसते, समोरासमोरची टोके आवळून दोन गाठी मारल्या की पुरे. दस्ती-टोपीचा, म्हणजे रुमाल-टोपीचा, आहेर असेल तर वेगळे वेष्टण लागतच नाही, दस्तीतच टोपी आणि नारळ बांधावा.

शेवटी दुकानदारांना दोन विनंत्या. मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर प्लॅस्टिकची फिल्म चढवायला १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे, तरी ती सर्रास दिसते. पेढ्याच्या डब्याला कागदी पट्टी आणि दोरा पुरेसा आहे. आणि गिफ्ट पेपरच्या कप्प्यावर नुसती किंमत न लिहिता तावाचे माप आणि जीएसएमही लिहावे, म्हणजे गिऱ्हाईक घरून खोके मोजून येईल आणि लागतील तेवढेच ताव मागेल.

आपला,
स्टेशनरी व्यवसायातील एक वाचक, परभणी