फरक नसणे आणि तुलनाच न होणे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अनेक लहान संस्थांमध्ये फायलींची रात्रीची प्रत घेण्याचे काम लिनक्सवरील एखाद्या छोट्या शेल स्क्रिप्टवर (संगणकाने ओळीने पाळायच्या कमांडच्या फाइलवर) सोपवलेले असते आणि ती स्क्रिप्ट एकदा चालू लागली की वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही. मी एका सार्वजनिक ग्रंथालयात संगणकाचे काम पाहतो. आमच्या अशाच एका स्क्रिप्टने सलग १९ दिवस खोटा निर्वाळा दिला. तिच्यातील चूक माझी होती, आणि ती इतरत्रही सर्रास होत असल्याचे दिसते, म्हणून हे पत्र.

दररोज रात्री ग्रंथसूचीची मजकूर-फाइल तयार होत असे. स्क्रिप्ट ती फाइल 'डिफ' या कमांडने बाहेरच्या डिस्कवरील आदल्या प्रतीशी ताडून पाही आणि फरक आढळला तरच नवी प्रत तेथे ठेवी. फरक आहे की नाही, हे मी डिफने पडद्यावर काही छापले की नाही यावरून ठरवले होते. शिवाय लॉग स्वच्छ राहावा म्हणून त्रुटींचे संदेश 'डेव्ह-नल'कडे, म्हणजे आलेले सारे टाकून देणाऱ्या लिनक्सच्या कचरापेटीकडे, वळवले होते. पुढे केबल सैल झाल्याने डिस्क संगणकाला जोडली (माउंट) जाईनाशी झाली, तेव्हा डिफला जुनी प्रत सापडलीच नाही. त्याने तसे सांगितलेही, पण तो संदेश मी आधीच फेकून देण्याची व्यवस्था केलेली होती. उत्तर रिकामे आले, आणि रिकामे उत्तर म्हणजे 'फरक नाही' असे मानून स्क्रिप्ट रोज तशी नोंद करत राहिली. मूळ संगणकाची हार्ड डिस्क बिघडली त्या दिवशी हे उघडकीस आले. १९ दिवसांच्या नोंदी आम्हाला दाखल नोंदवहीतून पुन्हा टंकाव्या लागल्या.

वास्तविक डिफ आणि फायली ताडणारीच 'सीएमपी' या दोन्ही कमांड छापील मजकुराखेरीज एक्झिट स्टेटसमधूनही, म्हणजे काम संपताना मागे ठेवलेल्या आकड्यातूनही, उत्तर देतात: फायली सारख्या असतील तर ०, वेगळ्या असतील तर १, आणि तुलनाच करता आली नाही तर १ पेक्षा मोठा आकडा, बहुधा २. हे तिसरे उत्तर आपल्या स्क्रिप्टमधून हमखास गळते. 'इफ' आणि 'एल्स' अशा दोनच शाखा ठेवल्या की १ आणि २ एकाच खात्यात जमा होतात. 'सेट-ई' (शून्याखेरीज उत्तर आले की थांबा, ही सूचना) लावलेल्या स्क्रिप्टमध्ये तर डिफने १ दिला की काम तेथेच थांबते, म्हणून पुष्कळ जण डिफच्या ओळीअखेर 'नाहीतर ट्रू' (|| true, म्हणजे काहीही झाले तरी यशस्वी माना) अशी जोड देतात आणि त्या एका जोडीने १ व २ दोन्ही पुसले जातात. एक्झिट स्टेटस चलात साठवून 'केस' या अनेक शाखांच्या रचनेने तीन शाखा करणे आणि तिसऱ्या शाखेत माणसाला कळवणे, एवढाच यावर उपाय आहे. नुसते हो-नाही हवे असेल तेथे डिफऐवजी सीएमपी वापरावी. ती बाइटमागून बाइट पाहते आणि पहिला फरक सापडताच थांबते. डिफ १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली, ती माणसाला कोणत्या ओळी बदलल्या हे दाखवण्यासाठी.

दुसरा मुद्दा मराठीपुरता आहे आणि माझ्या मते अधिक दुर्लक्षित आहे. ग्रंथसूचीत 'दुसऱ्या' हा शब्द असलेल्या दोन ओळी डिफने वेगळ्या म्हणून दाखवल्या, पण डोळ्यांना त्यांत तसूभरही फरक दिसेना. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे लिहिण्याच्या प्रमाण संकेतात, हा अर्धा र 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) जोडून लिहिता येतो, साध्या 'र'ला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त जोडून लिहिता येतो, आणि 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमानेही लिहिता येतो. युनिकोड मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत पहिल्या रूपाला ६ बाइट लागतात, उरलेल्या दोन्ही रूपांना ९. आमच्याकडे दोन कर्मचारी दोन वेगळ्या कीबोर्डवर टंकन करत होते, एवढेच त्याचे कारण. तुलनेपूर्वी दोन्ही फायली 'यूकॉन्व्ह' या कमांडने एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणल्यास नुक्त्याचे रूप 'ऱ'मध्ये मिसळते. जोडचिन्हाचे रूप मात्र तसेच राहते. ते 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या कमांडने वेगळे बदलावे लागते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फायलींत 'अ' आणि चंद्र वेगवेगळे सापडतात व तेथेही हीच अडचण येते. मतदारयादी असो, सभासदयादी असो वा ग्रंथसूची, मराठी नावांच्या याद्या यंत्राने ताडून पाहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे; एरवी एकच व्यक्ती दोन ठरते.

महाविद्यालयांत आणि प्रशिक्षण वर्गांत शेल स्क्रिप्ट शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, प्रात्यक्षिकासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना दोन नव्हे, तीन जोड्या द्याव्यात: एक सारख्या फायलींची, एक वेगळ्या फायलींची आणि एक अशी की जिच्यातील दुसरी फाइल मुळात अस्तित्वातच नाही. त्यांतील निदान एक जोडी मराठी मजकुराची असावी आणि तिच्यात 'दुसऱ्या' हा शब्द दोन रीतींनी टंकलेला असावा.

आपला,
एक ग्रंथालय कर्मचारी, जि. सातारा