नव्या लॅपटॉपचं लॉक आणि बाहेर अडकलेला मालक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॅपटॉप चोरीला गेला तर काय करायचं यावर बरंच लिहून येतं, पण लॅपटॉप आपल्याच टेबलावर आहे आणि तोच आपल्याला आत घेत नाही या प्रकारावर फारसं कुणी लिहीत नाही, आणि माझ्या पाहण्यात तरी चोरीपेक्षा हीच केस जास्त येते. कुणीतरी नवा लॅपटॉप घेतलेला असतो, काही महिने मस्त चाललेला असतो, मग एक दिवस अपडेट येतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि समोर स्क्रीन येतो, बिटलॉकर रिकव्हरी, ४८ आकडी की, म्हणजे किल्ली, टाका. माणूस हादरतो. व्हायरस आला, कुणीतरी हॅक केलं, आता पैसे मागणार, असलंच काहीतरी डोक्यात येतं कारण बिटलॉकर हे नाव त्याने जन्मात पहिल्यांदा वाचलेलं असतं. तो म्हणतो मी असलं काही लावलंच नाही, आणि ते खरंच असतं. त्याने लावलेलं नसतं, ते आपोआप लागलेलं असतं.

झालेलं असतं असं. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बहुतेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकर वापरून अख्खी डिस्क लॉक करणारी सोय, स्वतःहून चालू होतं. २०२४ च्या २४एच२ व्हर्जनपासून तर त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटीही कमी केल्यात, म्हणजे आता आणखी जास्त मशीनवर ते लागतं. घराला लॅच असतं ना तसंच हे, दार ओढलं की लागतं, फक्त इथे दाराला लॅच आहे हेच मालकाला कुणी सांगितलेलं नसतं.

मी या लॉकच्या विरोधात अजिबात नाही हे स्पष्ट सांगतो. चोराने लॅपटॉप नेला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी त्याला एक फाइल वाचता येत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. आतमध्ये टीपीएम नावाची चिप असते, ती दरवेळी मशीन सुरू होताना बघते की सगळं नेहमीसारखंच आहे ना, आणि असेल तरच डिस्क उघडते. बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झालं, कुणी त्यातलं सिक्युअर बूट हे सुरक्षेचं सेटिंग बंद केलं, रिपेअरमध्ये मदरबोर्ड बदलला, की चिपला वाटतं काहीतरी गडबड आहे आणि ती सरळ रिकव्हरी की मागते. चोर आणि मालक यातला फरक तिला कळत नाही, तो फक्त त्या ४८ आकड्यांवरून कळतो.

तर अशी वेळ आली तर पहिली गोष्ट, रीसेट करू नका. घाबरून लोक रीसेट मारतात आणि सगळा डेटा जातो, खरं तर रिकव्हरी की त्यांच्याच अकाउंटमध्ये पडून असते. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर जा, लॅपटॉप सेटअप करताना जो ईमेल टाकला होता त्यानेच साइन इन करा, डिव्हाइसेसमध्ये बिटलॉकर रिकव्हरी कीज सापडतील. एकापेक्षा जास्त दिसल्या तर स्क्रीनवर की आयडी दिलेला असतो, त्याची पहिली ८ अक्षरं जुळवून बघा. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या अकाउंटने साइन इन केलं असेल तर की बहुधा तिथल्या आयटीवाल्यांकडे मिळते.

खरा घोळ ईमेलपाशी होतो. लॅपटॉप मुलीचा असतो, सेटअप भावाने त्याच्या ईमेलवर केलेला असतो किंवा विकणाऱ्याने तिथल्या तिथे एखादं अकाउंट बनवून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या बाबतीत तर काका गेल्यानंतर हा स्क्रीन आला, अकाउंट काकांचं, पासवर्ड त्यांच्यासोबतच गेलेला, आणि इतक्या वर्षांचे घरचे फोटो आत. काही करता आलं नाही. मायक्रोसॉफ्टचा सपोर्टसुद्धा हरवलेली की काढून देऊ शकत नाही, तसं ते स्वतःच लिहून सांगतात, त्यामुळे पैसे द्या, रिकव्हरी की मिळवून देतो असं कुणी फोनवर सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका प्लीज.

आता काही जणांना की मिळते, मशीन उघडतं, पण दर रीस्टार्टला परत तेच विचारतं. अशा वेळी आधी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट पूर्वीसारखं चालू आहे का बघा, मग विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं थांबवून) परत रिझ्यूम करा, होम असेल तर सेटिंग्जमधलं डिव्हाइस एन्क्रिप्शन ऑफ करा, डिक्रिप्ट, म्हणजे डिस्कचं लॉक काढणं, पूर्ण होईपर्यंत मशीन चार्जरला लावून ठेवा आणि मग परत ऑन करा, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं. आणि ऑफ करून तसंच ठेवू नका, वैतागून बरेच जण तेच करतात आणि मग लॅपटॉप गेला की डेटा उघडा पडतो.

विंडोजमध्ये शिरताना टाकायच्या पिनचं पण एक आहे. चुकीचा पिन काही वेळा टाकला की विंडोज ए१बी२सी३ टाइप करायला सांगतं. यात हॅकिंग वगैरे काही नाही, कीबोर्ड नीट चालतोय ना आणि चुकून बटणं दाबली जात नाहीत ना हे बघायला ते असतं. टाइप करा आणि मग नीट आठवून पिन टाका, नंबर लॉक पण बघा एकदा.

बायोसच्या पासवर्डबद्दल मात्र मी जरा जास्तच काळजीने लिहितोय. चोरी होऊ नये म्हणून कुठेतरी वाचून लोक बायोसचा मुख्य, म्हणजे सुपरवायझर पासवर्ड लावतात आणि विसरतात. मग नेटवर सापडतं की आतली छोटी बॅटरी काढा, पासवर्ड जातो. जुन्या डेस्कटॉपवर जायचा, आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो अशा चिपमध्ये असतो जिला बॅटरीची गरजच नाही, त्यामुळे मशीन खोलून फक्त नुकसान होतं. थिंकपॅडसारख्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट लिहिलेलं असतं की हा पासवर्ड विसरलात तर सिस्टिम बोर्डच (म्हणजे मदरबोर्ड) बदलावा लागेल. हार्ड डिस्कचा वेगळा पासवर्ड असतो, तो विसरलात तर डेटा गेलाच समजा. लिहून ठेवण्याची तयारी नसेल तर हे दोन्ही लावू नका असं माझं मत आहे.

त्याच बायोसमध्ये काही लॅपटॉपवर कॉम्प्युट्रेस किंवा अ‍ॅब्सोल्यूट नावाचं सेटिंग दिसतं आणि लोक त्याला पण घाबरतात, कुणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय म्हणून सरळ पर्मनंटली डिसेबल करून टाकतात, आणि ते खरंच पर्मनंट असतं, परत चालू होत नाही. ही चोरी गेलेलं मशीन शोधायची पैसे देऊन घ्यायची सर्व्हिस आहे, नको असेल तर साधं डिसेबल पुरतं. आणि इंटेल अँटी थेफ्ट या तशाच चोरीविरोधी सर्व्हिसच्या जुन्या गाइड वाचून ते सेटिंग शोधत बसू नका, ती सर्व्हिस २०१५ च्या जानेवारीतच बंद झाली.

हरवलेला लॅपटॉप शोधायची विंडोजची सोय, फाइंड माय डिव्हाइस, तर उलटं आहे, ते चालू आहे असं सगळ्यांना वाटतं आणि बघायला गेलं की बंद असतं. त्याला मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं आणि लोकेशन ऑन लागतं, नुसत्या लोकल अकाउंटवर चालत नाही, आणि चोरी झाल्यावर दुसरीकडून चालू करता येत नाही. मॅकवाल्यांचं जरा बरं आहे, टी२ चिप किंवा अ‍ॅपलची स्वतःची चिप असेल आणि फाइंड माय ऑन असेल तर मशीन पुसून टाकलं तरी अ‍ॅक्टिव्हेशन लॉक जुन्या मालकाचं अ‍ॅपल अकाउंट (आधीचं नाव अ‍ॅपल आयडी) मागतं. पण म्हणूनच वापरलेला मॅक घेताना विकणाऱ्याला समोर बसवून साइन आउट करायला लावा, नाहीतर ते लॉक तुमच्या गळ्यात पडेल.

माझं कंपन्यांना आणि विकणाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे की पहिल्या सेटअपच्या वेळीच एक स्क्रीन थांबवून, गिऱ्हाइकाच्या भाषेत, दाखवा की तुमची डिस्क लॉक झालीये, तिची रिकव्हरी की या या ईमेलवर ठेवलीये, आता कागदावर उतरवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. इंग्रजीतल्या वीस पानी अटी दाखवायला वेळ असतो तर याला का नसावा?

आणि आपल्या पेपरला विनंती, चोरीच्या बातमीखाली एक छोटी चौकट टाका, त्यात एवढंच छापा की ज्यांचा लॅपटॉप आत्ता व्यवस्थित चालू आहे त्यांनी आजच अकाउंटमध्ये जाऊन रिकव्हरी की शोधावी, लिहून घ्यावी, सेटअपचा ईमेल आणि खरेदीचं बिल त्याच्यासोबत ठेवावं, घरातल्या आणखी एका माणसाला ते कुठे आहे हे सांगावं, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये.

आपला,
एक नियमित वाचक