बाप्तिस्मा नगरचाच

इंदूर

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर बाबा एकदम गप्प झाले आणि आईनं विषय बाजरीवर नेला, तेव्हाच कळलं काय सलतंय ते. पोरं ह्यांच्या कॅथलिक चर्चमध्ये जाणार, तेच ना? म्हणून हे पत्र. फोनवर मला रडू येतं आणि सांगायचं राहून जातं.

पोरांचा बाप्तिस्मा पुन्हा होणार नाही. पहिल्याच भेटीत मी फादरना हेच विचारलं. पाण्यानं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, आणि तो आयुष्यात एकदाच होतो. बाबांनी थोरलीला पाळकसाहेबांच्या हाती दिलं, कपाळावर पाणी पडलं तरी ती रडली नाही, नुसती डोळे मोठे करून बघत राहिली. तो दिवस कुणी पुसत नाहीये. बाबा, 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एक होऊन आपली उत्तर भारतीय मंडळी झाली, हे तुम्ही किती अभिमानानं सांगता! तेव्हाही कुणाचा बाप्तिस्मा रद्द ठरला नव्हता.

ह्यांनी लग्नात शब्द दिला होता, मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवायला होईल ते करीन. पण त्यांची नोकरी फिरतीची, मी नगरला, आणि पोरं तुमच्या मांडीवर वाढली. त्याचं मला आजही समाधान आहे. इथं ह्यांच्याबरोबर लाल चर्चला जायला लागल्यावर थोरलीनंच विचारलं, ‘सगळे पुढं जाऊन ती पवित्र भाकर घेतात, मग मला ख्रिस्तप्रसाद का नाही?’ सात वर्षं पूर्ण झाली की मुलाला समज आली असं चर्च धरतं. त्यामुळे विश्वास दोघांनी स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा, आमच्या सहीवर भागत नाही. हे मला फार पटलं.

चर्चच्या तयारीच्या वर्गात बाप्तिस्मा न झालेली मुलंही आहेत, पण त्यांची तयारी वेगळी धरतात. आपली पोरं आधीपासून ख्रिस्ती आहेत, हे फादर सगळ्यांसमोर सांगतात. त्या मुलांची पापं बाप्तिस्म्यातच धुतली जातील, आपल्या दोघांना मात्र आधी पापनिवेदन करायचंय, म्हणजे फादरजवळ आपली पापं सांगायचीत. त्यासाठी धाकट्यानं दहा आज्ञा म्हणून दाखवल्या, आई, तू शिकवल्यास तशा धडाधड. ‘आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख’ ही पाचवी म्हणाला. वर्ग घेणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडे ती चौथी. आज्ञा त्याच, फक्त मूर्तीची आज्ञा ते पहिलीतच धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. घरी येऊन त्यानं वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘आजी’, दुसऱ्यावर ‘सिस्टर’. ती वही मी जपून ठेवलीय.

थोरलीला पापनिवेदनाची धास्ती होती. मग सिस्टरांनी राणी मारिया नावाच्या सिस्टरांची गोष्ट सांगितली. 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला येताना बसमध्ये त्यांचा खून झाला, आणि पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. रात्री पोरगी अंधारात म्हणाली, ‘मम्मी, मग माझं तर किती लहान आहे.’ काय लहान आहे ते मी विचारलं नाही.

मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, विश्वासाची कबुली झाली की फादरच दोघांना तेल लावून दृढीकरण देतील आणि लगेच पहिला ख्रिस्तप्रसाद. मी आपल्याच मंडळीत आहे आणि राहणार. कॅथलिक चर्चमध्ये मला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, म्हणून पोरं पुढं जातील तेव्हा मी बाकावरच बसेन. ते दुखतं, आई. तुझ्यापासून काय लपवू? त्या वेळी तुम्ही दोघं माझ्या शेजारी असावंत, एवढंच मागणं आहे.

तारीख दाखल्यावर अडलीय. बाबा, पाळकसाहेबांकडून दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले रजिस्टरातून काढून घ्या, सही-शिक्क्यानिशी. दाखल्याचा फोटो मोबाईलवर पाठवा, म्हणजे इथं तारीख धरता येईल. मूळ कागद मात्र पोस्टानं नको. तो घेऊन तुम्हीच या.

तुमची लेक