गाडी ठरली आहे, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "किती चालली आहे?" एवढंच विचारून फोन तुझ्या हातात दिला असता, आई, आणि पुढचं सगळं राहून गेलं असतं. म्हणून पत्र.

गाडी ठरवली आहे. नऊ वर्षांची, पेट्रोल, ऑटोमॅटिक. मीटरवर १,३८,००० किलोमीटर. विसार देऊन झाला आहे, त्यामुळे "अजून थोडं थांबू" हे या वेळी चालणार नाही.

बाबा, चष्मा काढून ठेवला असेल तर परत लावा. नऊ वर्षांत एवढं म्हणजे वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास, तेही बहुतेक लांबच्या रस्त्यावरचं. एकदा तापलेलं इंजिन एका वेगात तास तास चाललं तर फारसं झिजत नाही. त्याला खातं ते थंड असताना चालू करून दोन किलोमीटरवर बंद करणं. बारा वर्षांची, फक्त ४२,००० चाललेली दुसरी एक गाडीही पाहिली. तुम्ही तीच घेतली असती, मला माहीत आहे. पण तिचे होज, म्हणजे इंजिनाचे रबरी पाइप, दाबले तर कडक लागत होते, बेल्टला बारीक चिरा होत्या आणि टायर मूळचेच होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, त्यावरून कळलं. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

मीटर मागे फिरवलेलं नाही ना, हा तुमचा पुढचा प्रश्न. सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत आणि प्रत्येक नोंदीत आकडा पुढेच गेला आहे. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड हे सगळं दीड लाखाच्या आतबाहेरचं वाटतं. साठ हजार दाखवणाऱ्या गाडीचं पेडल गुळगुळीत असतं तर मी तिथूनच परत फिरले असते.

इंजिन थंडच पाहिलं. मालकाला आधीच बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत किल्ली फिरवायची नाही, कारण गरम इंजिन आपली दुखणी लपवतं. चालू करताना निळा धूर नाही, म्हणजे तेल जळत नाही. गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूरही नाही. तो असता तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या सीलमधून, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जात असतं. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर नव्हता, म्हणजे तेलात पाणी मिसळत नाही. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घेतलं, एकमेकांत दहा टक्क्यांच्या आत आहे. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावला तेव्हा बिघाडाचे कोड नव्हते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतल्या चाचण्या सगळ्या पूर्ण झालेल्या दिसल्या. आदल्या रात्री कोड पुसून विकायला काढलेल्या गाडीत त्या अपुऱ्या दिसतात. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो. न लागणारा दिवा जास्त वाईट, बिघाड लपवायला तो काढलेला असू शकतो.

खरी धास्ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची होती. एवढ्या चाललेल्या गाडीत इंजिनापेक्षा तोच आधी घर बुडवतो. याच्या तेलाला 'आयुष्यभर बदलावं लागत नाही' म्हणतात, पण ते आयुष्य गिअरबॉक्स मोडेपर्यंतचं असतं. या गाडीचं तेल दोनदा बदललं आहे, ६०,००० ला आणि १,१५,००० ला. रंग अजून लालसर आहे, जळका वास नाही. थंड आणि गरम, दोन्ही वेळा आर (मागे) मधून डी (पुढे) मध्ये टाकल्यावर धक्का नाही आणि ताटकळणंही नाही. हे नीट नसतं तर बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी मी सोडून दिली असती.

डिझेल का नाही घेतलं? बाबा, तुमचा डिझेलवरचा विश्वास मला ठाऊक आहे, पण आता तुमचं चालवणं दवाखाना, बँक, मावशीकडे, एवढंच. नव्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला लांब आणि गरम फेरी लागते, दोन-दोन किलोमीटरांत तो तुंबतो.

आता तिचे दोष, कारण लपवले तर आईला माझ्या आवाजावरूनच कळेल. पुढची चाकं धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश गेले आहेत, खड्ड्यात खटखट येते. मागचे शॉकअब थकले आहेत, कोपरा दाबून सोडला की गाडी तीनदा डोलते. व्हॉल्व्ह कव्हरपाशी तेल पाझरतं. मागच्या डाव्या दारात लांबी (पुट्टी) भरलेली आहे, रंगाची जाडी तिथेच तिप्पट भरली, पण खांब आणि खालची पट्टी मूळची आहे. म्हणजे दार घासलं होतं, गाडी ठोकलेली नाही. आणि पिस्टन-व्हॉल्व्हचा ताल सांभाळणारा टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद कुठेच नाही. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. म्हणून तुमच्याकडे येण्याआधी बेल्ट, तो ताणणारी आणि वळवणारी चाकं (टेन्शनर, आयडलर) आणि वॉटर पंप एकत्रच नवे बसतील, कारण खोलायची मजुरी एकच. बुश, शॉकअब आणि चारही टायरसुद्धा. हा खर्च धरूनच भाव केला आहे. काळजी नको.

आई, तुझ्यासाठी म्हणशील तर सीटची उंची तुझ्या कमरेएवढी आहे. वाकून आत शिरायला नको आणि उठताना दोघांनी ओढायला नको, आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. दारावर धरायला कडी आहे. मागे एसीचे वेगळे झरोके आहेत. वॉकर घडी करून डिकीत आडवा बसतो, मोजून पाहिलं. मागची सीट लांब आहे, अजूनही आडवं होता येईल. मी लहानपणी पोचल्यावर झोपेचं सोंग घ्यायचे, बाबांनी उचलून न्यावं म्हणून. बाबांना ते कळायचं, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्या जुन्या गाडीबद्दल इथेच लिहून टाकते. तिचं काही चुकलं नाही. पण ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा चटईखाली कुजला आहे आणि जॅक लावायची जागा हाताने दबते. इंजिन तुम्ही जपलंत म्हणूनच ती इतकी वर्षं चालली. पत्र्याला कोण काय करणार.

आणि बाबा, आता मी सांगते तसं करायचं. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय कामाला नाही. तो सीटकडे ओढून ठेवा. इतक्या वर्षांच्या सवयीने तो क्लच शोधत ब्रेकवर पडेल आणि गाडी जागच्या जागी थांबेल, मागच्याने ठोकेपर्यंत. पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानात, माझ्याबरोबर. गुडघ्याचं मी काही म्हणत नाही, सोय म्हणून म्हणते. लावताना ब्रेक दाबून आधी हँडब्रेक आणि मग पी (पार्किंग), म्हणजे उतारावर सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्या खुंटीवर येत नाही.

दर रविवारी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी बघा. दोन खुणांच्या मध्ये हवं, वर नको. ऑइल वर्षातून एकदा बदलायचं, पुस्तकातले दहा हजार भरले नसले तरी. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्याने न्या, तेलातला ओलावा उडतो. आईलाही बाहेर पडायला निमित्त. तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण, बाजूला घेऊन इंजिन बंद. गरम असताना कूलंटचं झाकण उघडायचं नाही, "जरासं सैल" सुद्धा नाही. अंधार पडल्यावर चालवायची नाही. पिवळ्या पडलेल्या दिव्यांच्या काचा मी घासून घेतल्या आहेत, पण ती परवानगी समजू नये.

दुसरी किल्ली आईच्या पर्समध्ये राहील. त्यावर वाद नको.

तुमची,
लेक

ता. क. जुनी गाडी न्यायला माणूस येईल तेव्हा मागच्या काचेवरचा तो स्टिकर खरवडू नका. मी येऊन काढेन.