स्ट्रॉंग राहा म्हणणाऱ्यांचं राहू दे, भावा

प्रिय भावा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की जो तो स्ट्रॉंग राहा स्ट्रॉंग राहा म्हणतोय आणि ते ऐकलं की मी अजूनच गळतो, ते काय माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हा नीट बोलताच आलं नाही, तुझे वडील, आपले आण्णा, लकव्यानं आत, तू आयसीयूच्या बाहेर उभा, मागं कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं. म्हणून आज लिहायला बसलोय, लांबलं तर लांबू दे, रात्रीचा जागाच असतोस तेव्हा वाच.

मेसेज टाकणारे वाईट नसतात रे, त्यांना दुसरं काही सुचत नाही. पण त्या मेसेजमधी सगळं काम तुझ्याच गळ्यात पडतं, आण्णांना बघायचं, बिलं भरायची, आईला सांभाळायचं, आणि वर स्ट्रॉंग पण तूच राहायचं. आपल्याकडं माणसं असं बोलत नाहीत. गल्लीत कुणाच्या घरी काही झालं की माझी आई पदराला हात पुसत म्हणते, "जरा धीर देऊन येते." देऊन येते! म्हणजे चप्पल घालून जायचं, त्या बाईजवळ बसायचं, चहा टाकायचा, पोरांना दोन घास खायला घालायचे, आणि तिथं गेल्यावर एकदा तरी म्हणायचं, "आमी हाय की." सांगलीत याच्यापेक्षा मोठा दिलासा मी ऐकला नाही.

आता हिंमत हा शब्द घे. हिंमत आपण जास्त भांडणातच काढतो, हिंमत असंल तर समोर ये, तुझी हिंमतच कशी झाली. धमक पण तसलीच, ती विचारायची असते, धमक हाय का? धाडस म्हटलं की घरचे आधी घाबरतात, नसतं धाडस करू नको. आणि शौर्य मी तरी रोजच्या बोलण्यात ऐकलं नाही, ते पदकावर आणि भाषणात. ते तसंच ठेवावं असं मला वाटतं. जावळीतल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे, २००८ ला गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी नुसत्या हातानं धरली, गोळ्या अंगावर घेतल्या पण सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना अशोक चक्र मिळालं. शौर्य ते. तू हॉस्पिटलच्या जिन्यात बसून त्या मापानं स्वतःला मोजू नकोस, तुझ्यापुढचं काम वेगळं आहे, ते रोज सकाळी उठून पुन्हा करायचं आहे आणि त्याला धीरच लागतो.

२०१९ चा पूर तू पुण्यात बसून टीव्हीवर बघितलास, मी इथं होतो. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटाला धोक्याची पातळी, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. २००५ चा पूर बघितलेली म्हातारी माणसं सांगत होती की तेव्हा इथवर आलं नव्हतं, आता पण येणार नाही, आणि ते आलं. शाळेतल्या कॅम्पात आम्ही भाकरी वाटत होतो. तिथं एक आजी होत्या, नदीकाठच्या गावातल्या, म्हशी दावणीलाच राहिल्या म्हणून सारख्या रडत होत्या. त्यांना कुणी रडू नका म्हटलं नाही. शेजारची एक बाई, तिचं पण घर पाण्यातच, ती त्यांचा हात धरून रात्रभर बसली आणि म्हशींची नावं विचारत राहिली, कुठली किती दूध देती, कुठली मारकी. सकाळी आजी उठल्या आणि भाकरी थापायला बसल्या. आता मला सांग त्या बाईजवळ द्यायला काय होतं? तिचा स्वतःचाच धीर सुटायची वेळ होती. पण दिला, आणि मला वाटतं देता देता तिला पण मिळाला.

आणि खाशाबा जाधव आठव. आपण लहानपणापासून ऐकतोय, कराडजवळचं गोळेश्वर, १९५२, हेलसिंकी, ब्राँझ मेडल. अंगातला दम आणि ईर्षा त्यांची, त्यात वाद नाही. पण जायला पैसे नव्हते, तर गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. मेडल घेऊन आल्यावर कराड स्टेशनपासून शंभराच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवून त्या पैशातून कर्ज फेडलं. त्यांच्याइतका कणखर माणूस आपल्या भागात दुसरा दाखव, पण त्यांच्या पण पाठीशी गाव लागलंच. मग तुला एकट्याला सगळं का जमावं?

अजून एक, त्या दिवशी कॉरिडॉरमधी कुणीतरी तुला म्हणालं ना, पुरुषासारखा पुरुष असून रडतो काय. ते मनावर घेऊ नकोस. आपल्या भाषेतली ही खोड मला लई खटकते. बाप्या रडला की तो बायकी, आणि बाई ठाम उभी राहिली की ती खमकी, म्हणजे अर्धं कौतुक आणि अर्धी तक्रार, नाहीतर मग बाप्याच्या काळजाची. तुझ्या आईनं आण्णा पडले त्या रात्री एकटीनं रिक्षा आणली, कार्ड शोधलं, ॲडमिट केलं, ते काळीज तिचं स्वतःचं आहे. आणि तू आण्णांचा वाकडा झालेला ओठ बघून रडलास तर तो तुझा बाप आहे म्हणून रडलास.

उसनं अवसान आणतोय असं म्हणालास, लाज वाटल्यासारखं. अरे आण की. शेजारून वाटीभर साखर आणतो तसंच आहे ते, तेवढ्यात आजचा चहा होतो. डॉक्टरांसमोर उसन्या अवसानानं का होईना, पण स्पष्ट विचारायचं, फिजिओथेरपी कधी सुरू करायची, गिळता येतंय का ते तपासलं का, घरी काय काय लागंल. लकव्यात हालचाल परत यायला महिने लागतात, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, त्यामुळं व्यायामाला आण्णा कुरकुरले तरी तू कच खाऊ नकोस. ते चिडतील, शिव्या पण देतील. देऊ देत.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं निघतोय, स्वारगेटला उतरून थेट हॉस्पिटललाच येतो. शनिवार-रविवार रात्री आण्णांजवळ मी बसणार, तू घरी जाऊन झोपायचंस, याच्यावर बोलणं नको. गोळ्यांची चिठ्ठी आणि फाईल तेवढी काढून ठेव. आईनं काकूंसाठी ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिलीय, एखादा रिकामा डबा असू दे.

तुझाच,
भावा