बॅटरीवरील वेल्डिंग संचाची सदोष केबल आणि चुकीचे जोडणी-पत्रक यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दोन वाहन-बॅटऱ्यांवर चालणाऱ्या आपल्या वायर-फीड (रिळातून तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या) वेल्डिंग संचाबाबत

महोदय,

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आपल्याकडून बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून चालवायचा वेल्डिंग संच विकत घेतला. त्यात रीळ बसवायची गन, अर्थिंगचा चिमटा, थिंबल (टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) असलेली केबल, बिनगॅसच्या तारेचे एक रीळ आणि चार पानांचे जोडणी-पत्रक असे साहित्य होते. पावतीची प्रत आणि खाली उल्लेख केलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. माझ्याकडे २०१२ सालची जिप्सी आहे आणि पावसाळा सरला की आम्ही काही मित्र सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गाड्या नेतो. तिथे पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) शॅकल, म्हणजे पाटा चॅसीला जोडणारी कडी, किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा ब्रॅकेट तुटला तर वीज नसते, जनरेटर वाहून नेणे परवडत नाही आणि गॅरेज अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असते. नेमक्या याच गरजेसाठी आपण हा संच विकता, असे आपल्या जाहिरातीत म्हटले आहे.

डिसेंबरमध्ये नीरा-देवघर धरणाच्या पलीकडच्या डोंगरात, वरंध घाटाच्या अलीकडे, माझ्या गाडीच्या मागच्या पाट्याचा चॅसीवरचा ब्रॅकेट एका कडेने उलला. आम्ही भोवतीचे वाळलेले गवत कापून काढले, पाण्याचे दोन कॅन आणि अग्निशामक हाताशी ठेवला, पेट्रोलच्या नळीवर ओले पोते टाकले आणि पत्रकात दाखवल्याप्रमाणे गन धन टोकाला व चिमटा ऋण टोकाला जोडून काम सुरू केले. तार कधी चिकटत होती, कधी जळून थेट गनच्या टोकापर्यंत मागे जात होती आणि ठिणग्या तर लोहाराच्या भात्यासमोर बसल्यासारख्या उडत होत्या. खपली काढल्यावर खाली जे दिसले ती वेल्डची रेघ नव्हती, चाळणी होती. हातोडीच्या दुसऱ्याच टोल्याला ती सुटून पडली. शेवटी लाकडाचा ठोकळा आणि माल बांधायचा पट्टा यांच्या आधाराने आम्ही भोरपर्यंतचे अंतर चार तासांत कापले.

घरी आल्यावर मी रीळ हातात घेऊन त्यावरची अक्षरे वाचली. ती तार ई७१टी-११ या वर्गातली, ०.९ मिलिमीटर जाडीची, म्हणजे स्वतःच्या गाभ्यातल्या फ्लक्सने (भुकटीने) वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करणारी आहे आणि या तारेसाठी गन ऋण टोकाला व काम धन टोकाला जोडावे लागते. हे रिळाच्या वेष्टनावर छापलेलेच आहे. गन धन टोकाला जोडण्याची रीत गॅससह वापरायच्या भरीव तारेची असून, आपण त्या तारेची आकृती बिनगॅसच्या तारेबरोबर दिली आहे. एकाच खोक्यातल्या दोन कागदांनी परस्परविरोधी सूचना द्याव्यात आणि त्यातला चुकीचा कागद आपला असावा, हे आपल्यासारख्या विक्रेत्याला शोभत नाही. निघण्यापूर्वी मी अंगणात तीन मिलिमीटरच्या पट्टीवर एक छोटी रेघ मारून पाहिली होती. तेव्हाही ठिणग्या जास्त उडाल्या होत्या, पण मी तो दोष माझ्या हाताला दिला. एवढी चूक मी मान्य करतो.

तथापि माझी मुख्य तक्रार वेल्ड तुटल्याची नाही. पत्रकाच्या दुसऱ्या पानावर दोन गाड्या समोरासमोर उभ्या दाखवून, बॅटऱ्या गाडीतच ठेवून, एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडलेले आहे. जिप्सीसारख्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक चॅसीला बांधलेले असते. त्यामुळे अशी जोडणी केली की दुसऱ्या गाडीचा अख्खा सांगाडा पहिल्या गाडीच्या सांगाड्यापेक्षा बारा व्होल्ट वर जातो, आणि दोन्ही बंपर एकमेकांना टेकले किंवा ओढायची साखळी दोन्हींकडे अडकवलेली राहिली, तर पहिल्या गाडीची बॅटरी त्या साखळीतूनच शॉर्ट होते. डोंगरात अडकलेल्या गाडीला साखळी लावलेली असणे ही तर रोजची गोष्ट! त्यात आपल्या तारेला हवी असलेली योग्य जोडणी करून धन टोकाचा चिमटा पहिल्या गाडीच्या चॅसीला लावला आणि तिच्या बॅटरीची ऋण केबल काढलेली नसली, तर दोन्ही बॅटऱ्यांचे चोवीस व्होल्ट सरळ चॅसीतून शॉर्ट होतील. बॅटरी तापली तर हायड्रोजन सुटतो आणि जवळच ठिणग्या उडत असतात, हे आपल्याला मी सांगायला नको. इंजिनाच्या संगणकाला इजा होऊ नये म्हणून बॅटऱ्या बाहेर काढायची, त्या रबरी चटईवर कामापासून लांब ठेवायची आणि मगच जोडायची मला जुनी सवय आहे, म्हणून आमच्यावर तो प्रसंग आला नाही. आपल्या पत्रकात याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

आता केबलविषयी. आपल्या माहितीपत्रकात ३५ चौरस मिलिमीटर शुद्ध तांब्याची दहा मीटर केबल देत असल्याचे लिहिले आहे. काम करताना ती हाताला गरम लागत होती आणि एका थिंबलपाशी तर वरचे प्लॅस्टिक वितळून बोटाला चिकटले. घरी मी त्या टोकाची एक तार चाकूने खरवडली, तर वरची लाली निघून आत पांढरी धातू दिसली. लायटरच्या ज्योतीत ती तार लालबुंद न होता गळून पडली. हे तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम आहे. वर जाड रबर असल्याने केबल दिसायला भरदार दिसते, पण आतल्या तारा मोजल्या तेव्हा एकूण छेद सोळा चौरस मिलिमीटरच्या आसपास निघाला. शंका राहू नये म्हणून मी पूर्ण केबल आमच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली. तिचे वजन रबर धरून १ किलो ४०० ग्रॅम भरले. ३५ चौरस मिलिमीटरच्या दहा मीटर केबलमधले नुसते तांबेच तीन किलोच्या वर जाते. १२० अॅम्पियरच्या कामात आपल्या केबलमध्ये मला व्होल्टेजची दोन व्होल्टहून अधिक घट मिळाली आणि त्याच लांबीची ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणून लावल्यावर ती पाऊण व्होल्टच्या आत आली.

हेही प्रामाणिकपणे नोंदवतो की, नवी केबल आणि उलट केलेली जोडणी यांसह आपल्याच गनने, त्याच रिळातल्या तारेने, तोच ब्रॅकेट मी पुन्हा जोडला आणि आज तो पाच आठवडे गाडीचा भार वाहत आहे. गन चांगली आहे. म्हणूनच तिच्यासोबत असे साहित्य देण्याचे कारण मला उमगत नाही.

आपल्या दूरध्वनी सेवेवर दोनदा बोललो असता ‘वापरणाऱ्याची चूक’ असे उत्तर मिळाले व तक्रार क्रमांक देण्यात आला नाही. पत्रक पाळणे ही चूक असेल तर ते छापू नये.

माझी मागणी अशी की, जाहिरातीतल्या वर्णनाची तांब्याची केबल मला द्यावी किंवा मी विकत घेतलेल्या केबलची रक्कम परत करावी, तिची पावती जोडली आहे. दुसरे आणि अधिक तातडीचे म्हणजे, हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला दुरुस्त आकृती पाठवावी. तिच्यात बॅटरीची दोन्ही टोके गाडीपासून सोडवण्याची आणि गाड्या एकमेकींना न टेकवण्याची सूचना पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत असावी. वापराच्या पुरेशा सूचना व इशारे न देणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार उत्पादकाच्या दायित्वाचा विषय आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. तोपर्यंत जुनी केबल, वितळलेल्या थिंबलसह, मी जपून ठेवली आहे. आपला प्रतिनिधी ती केव्हाही येऊन पाहू शकतो.

कळावे,

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत : पावत्यांच्या प्रती, पत्रकाच्या दुसऱ्या पानाची प्रत, केबल व वजनकाट्याची छायाचित्रे